ट्रॅव्हल ट्रेलर हिवाळ्यासाठी मिटवताना : पाणी कुठे कुठे दडून राहते?

उन्हाळाभर ज्या ट्रॅव्हल ट्रेलरमधून, म्हणजे गाडीला जोडून ओढायच्या फिरत्या घरातून, आपण लडिंग्टनच्या किंवा मॅकिनॉच्या बाजूला हिंडून आलो, तो अमेरिकेतल्या मिशिगनसारख्या थंड प्रदेशात दारात उभा करून ठेवायचा असेल, तर त्याच्या नळव्यवस्थेतले पाणी हिवाळ्यापूर्वी काढून टाकावेच लागते. इकडे या कामाला विंटरायझिंग म्हणतात. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यासारख्यांना थंडीने नळ फुटतो ही गोष्ट केवळ ऐकून माहीत असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात वर्तमानपत्रात यायची, तेवढीच आपली बर्फाशी ओळख. त्यामुळे नवा ट्रेलर घेतलेली मराठी कुटुंबे हे काम एकतर विक्रेत्याकडे सोपवतात किंवा टाकी रिकामी केली म्हणजे झाले असे समजतात. टाकी रिकामी करणे हा या कामाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत लहान भाग आहे.

पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते. पाईपच्या मधोमध बर्फाचा बूच तयार झाला, की तो बूच आणि पुढचा बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जिथे जागा कमजोर असेल तिथे ते फुटते. ट्रेलरमधले पाईप बहुधा पेक्स नावाच्या लवचिक प्लॅस्टिकचे असतात आणि ते थोडेफार ताणले जाऊन वाचतातही; फुटतात ते सांधे, नळांच्या आतली यंत्रणा, पंपाचे डोके, फिल्टरचे भांडे आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह. शिवाय फुटल्याचे तेव्हा कळत नाही, कारण बर्फ गळत नाही. ते कळते एप्रिलमध्ये, तेव्हा पाणी भिंतीच्या आत आणि फरशीच्या प्लायवूडखाली गेलेले असते.

पहाटे तास-दोन तास पारा शून्याखाली गेल्याने लगेच काही होत नाही, पण २५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ४ सेल्सिअसच्या खाली तो काही तास राहणार असा अंदाज असेल तर काम झालेले असले पाहिजे. आमच्या घरी दसरा आणि दिवाळी यांच्या मधला एखादा कोरडा शनिवार यासाठी ठरलेला असतो. ऑक्टोबर सरत आला की इकडच्या पुष्कळ कॅम्पग्राउंडांची पाण्याची व्यवस्थाही बंद होते. ट्रेलरच्या मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या धुऊन घ्यायच्या असतील तर शेवटच्या सहलीहून परततानाच तेथील डंप स्टेशनवर ते काम उरकून यावे.

आधी पाण्याची वाट पाहून घ्यावी

हत्यारे काढण्यापूर्वी अर्धा तास ट्रेलरभोवती आणि ट्रेलरच्या आत फिरण्यात घालवावा, असा माझा आग्रह असतो. पाणी ट्रेलरमध्ये दोन वाटांनी शिरते. एक वाट स्वच्छ पाण्याच्या टाकीतून १२ व्होल्टच्या पंपाकडे जाते. दुसरी बाहेरच्या भिंतीवरच्या सिटी वॉटर कनेक्शनमधून, म्हणजे जिथे आपण कॅम्पग्राउंडचा होज लावतो तिथून येते. पंपानंतर दोन्ही वाटा एक होतात आणि मग पाण्याला दोन फाटे फुटतात : एक थेट थंड नळांकडे, दुसरा गीझरमधून गरम नळांकडे. या प्रत्येक वाटेवर बोट ठेवत चालावे, जिथे फाटा दिसेल तो कागदावर लिहावा. स्वयंपाकघराचा नळ, बेसिन, शॉवर, टॉयलेट हे सगळ्यांना आठवते. बाहेरचा शॉवर, बाहेरच्या ओट्याचा नळ, बर्फ करणाऱ्या फ्रिजची नळी, कपडे धुण्याच्या मशीनसाठी ठेवलेले जोड हे आठवत नाहीत.

आणि आपल्या लोकांच्या ट्रेलरमध्ये एक फाटा असा असतो जो कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात सापडणार नाही : टॉयलेटला मागाहून जोडलेला जेट स्प्रे. पहिल्या वर्षी मी माहितीपुस्तकातली प्रत्येक पायरी ओळीने पार पाडली आणि नेमका हाच विसरलो. वसंतात पंप चालू केला तेव्हा एकही नळ उघडा नसताना तो दर मिनिटाला 'घुर्र' करून थांबू लागला. टॉयलेटमागे हात घातल्यावर प्लॅस्टिकच्या टी-जोडाला केसाएवढी चीर लागली, आणि पायाखालची जमीन एका जागी भिजलेल्या पोळीसारखी मऊ झालेली होती. जोड सहा डॉलरचा होता, जमीन नव्हती. म्हणून आता यादीत सर्वांत वर तोच लिहिलेला असतो.

साहित्य

सर्वांत महत्त्वाची खरेदी म्हणजे आरव्हीसाठीचे, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठीचे, गुलाबी अँटिफ्रीझ : पाईपांत पाण्याच्या जागी भरायचा, थंडीत पाईप न फोडणारा द्रव. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असावे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते सहसा एथिलीन ग्लायकॉलचे असते आणि ते विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या पाईपांत ते कधीही घालू नये. स्वस्त गुलाबी डब्यांपैकी काहींमध्ये अल्कोहोल मिसळलेले असते. ते ज्वलनशील असते आणि रबरी वायसर कोरडे पाडते, तेव्हा डब्यावरचे घटक वाचूनच घ्यावे. गीझर बायपास करता येत असेल तर साधारण आकाराच्या ट्रेलरला दोन ते तीन गॅलन, म्हणजे आठ ते अकरा लिटर पुरते. एखादा डबा जास्तीचा आणावा, कारण अर्ध्या कामात उठून दुकानात जाणाऱ्याकडून एखादा नळ राहून जातोच.

डब्यावर उणे ५० अंश फॅरनहाइट असा आकडा ठळक छापलेला असतो, त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तोपर्यंत ते पातळ राहते असा तो नव्हे. त्याच्या पुष्कळ आधीच त्याचा बर्फाळ लगदा होतो. पण तो लगदा पाण्यासारखा कडक होऊन पाईप फोडत नाही, एवढीच ती हमी असते. ही हमीसुद्धा डब्यातल्या निर्भेळ द्रवाची आहे. पाईपांत उरलेले पाणी त्यात मिसळले की संरक्षण तेवढे कमी होते, आणि म्हणूनच अँटिफ्रीझ भरण्याआधी पाणी जमेल तितके काढून टाकायचे असते. पुरवावे म्हणून त्यात पाणी घालणे तर अगदीच वर्ज्य.

याशिवाय गीझरच्या बुचासाठी योग्य मापाचा सॉकेट, चपट्या टोकाचा छोटा स्क्रूड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, आणि कॉम्प्रेसर असल्यास सिटी वॉटरच्या जोडावर बसणारा ब्लो-आउट प्लग हवा. हा प्लग म्हणजे एका बाजूला होजचे आटे आणि दुसऱ्या बाजूला टायरमध्ये हवा भरायचा व्हॉल्व्ह असलेला लहानसा पितळी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा असतो.

टाक्या आणि गीझर

डंप स्टेशनवर प्रथम ब्लॅक टँक, म्हणजे मैल्याची टाकी सोडावी आणि नंतर ग्रे टँक, म्हणजे सांडपाण्याची. या क्रमाने साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. ब्लॅक टँक दोन-तीनदा पाणी भरून धुवावी. स्वच्छ पाण्याच्या टाकीचा निचरा ट्रेलरच्या पोटाखाली असतो. तो उघडून ठेवावा आणि टाकीचे पाणी त्याच्या वेगाने जाऊ द्यावे.

गीझरला मात्र घाई चालत नाही. आदल्या दिवशीच त्याचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करावी. विजेचे बटण अनेक ट्रेलरमध्ये दोन ठिकाणी असते, एक आतल्या पॅनेलवर आणि दुसरे बाहेर गीझरच्या झाकणामागे, दोन्ही पाहावीत. रिकाम्या टाकीत विजेचा हीटर चालू राहिला तर तो काही क्षणांत जळतो. पाणी पूर्ण थंड झाल्यावर आतला एखादा गरम नळ उघडून दाब उतरवावा, मग बाहेरून गीझरच्या वरच्या भागातला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उचलावा आणि त्यानंतरच खालचे बूच काढावे. गरम आणि दाबाखालच्या टाकीचे बूच काढणाऱ्याच्या अंगावर उकळते पाणी येते, यात अतिशयोक्ती नाही. बूच सुटले की स्वतः बाजूला उभे राहावे.

बुचाचे दोन प्रकार आहेत. सबर्बन कंपनीच्या गीझरची टाकी पोलादी असून तिच्या बुचालाच लांब ॲनोड रॉड जोडलेला असतो. त्याला १ १/१६ इंची सॉकेट लागतो. ॲटवुडच्या, म्हणजे पुढे डोमेटिकच्या नावाने आलेल्या गीझरची टाकी ॲल्युमिनियमची असते आणि तिला साधे प्लॅस्टिकचे बूच असते. त्यात ॲनोड नसतो आणि कौतुकाने बसवूही नये. ॲनोड रॉडचे काम टाकीऐवजी स्वतः गंजून जाण्याचे आहे. नवा रॉड अंगठ्याएवढा जाड आणि गुळगुळीत असतो. दोन उन्हाळ्यांनंतर तो किडलेल्या दातणासारखा खडबडीत, जागोजागी आतली तार दिसणारा असा बाहेर येतो. तीन-चतुर्थांश झिजला असेल तर वसंतात नवा घालावा. बूच काढल्यावर टाकीत वाडगाभर पाणी खाली उरतेच, कारण छिद्र तळाच्या किंचित वर असते. त्याला पसरायला भरपूर रिकामी जागा असल्यामुळे ते राहिले तरी चालते. मात्र तळाशी साचलेला पांढरा क्षार होजच्या बारीक धारेने धुऊन काढावा.

आता गीझर बायपास करावा, नाहीतर तुमच्या महागड्या गुलाबी द्रवाचे सहा किंवा दहा गॅलन त्याच्याच पोटात जातील. गीझरच्या मागच्या बाजूला, बहुधा एखाद्या कपाटाच्या फळीमागे, एक ते तीन व्हॉल्व्ह सापडतील. तीन असतील तर थंड पाणी आत नेणारा आणि गरम पाणी बाहेर आणणारा हे दोन बंद करायचे आणि दोहोंना जोडणाऱ्या आडव्या नळीवरचा उघडायचा. मूठ पाईपच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह उघडा, आडवी असेल तर बंद. एक किंवा दोनच व्हॉल्व्ह असतील तर ते दिशा बदलणारे असतात आणि त्यांच्यावर किंवा माहितीपुस्तकात खूण दिलेली असते.

याच वेळी पाण्याचा फिल्टर काढून भांडे रिकामे करून परत लावावे. कार्बनचा फिल्टर तसाच ठेवला तर तो अँटिफ्रीझ पिऊन निकामी होतो. पंपाच्या तोंडाशी असलेली पारदर्शक वाटीसारखी गाळणीही उघडून धुवावी. पहिल्या वर्षी तिच्यात कारखान्यातला प्लॅस्टिकचा कीस हमखास सापडतो.

निचरा आणि हवा

ट्रेलरच्या खाली दोन छोट्या नळ्या लोंबत असतात, बहुधा एक लाल आणि एक निळी. गरम आणि थंड पाईपांचे हे सर्वांत खालचे बिंदू. त्यांची बुचे काढून आतले सगळे नळ उघडावेत, म्हणजे हवा आत शिरून पाणी खाली येईल. शेवटी पंप फार तर अर्धा मिनिट चालवून त्यातले पाणी ढकलून द्यावे.

त्यानंतर कॉम्प्रेसर. हवेचा दाब ३० ते ४० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) पुढे नेऊ नये. ट्रेलरची नळव्यवस्था त्याहून फारशा जास्त दाबासाठी बनवलेली नसते आणि हवेने सांधा उखडला तर तो दुरुस्त करायला भिंत खोलावी लागते. खालची बुचे पुन्हा लावून, एक नळ आधीच उघडा ठेवून हवा सोडावी आणि मग एकेक नळ उघडत, आधीचा बंद करत फिरावे. प्रत्येक नळातून थुंकल्यासारखे तुषार येणे थांबेपर्यंत थांबावे. मैल्याची टाकी धुण्यासाठी वेगळा जोड दिलेला असेल, तर त्याच्यातही हवा मारावी. पंपाने भरलेले अँटिफ्रीझ त्या नळीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तिला हवेशिवाय उपाय नाही.

नुसत्या हवेवर काम भागते का, हा इथल्या ट्रेलरवाल्यांचा आवडता वाद आहे. जिथे हिवाळ्यात चार-सहा रात्रीच पाणी गोठते तिथे भागत असावे. मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन इथे मी दोन्ही करण्याच्या बाजूचा आहे, कारण हवा पाण्यावरून निसटून पुढे जाते आणि पाईपच्या खोलगट भागात चमचा-दोन चमचे पाणी तसेच पडून राहते. अँटिफ्रीझचे तीन डबे चौघांच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणापेक्षा स्वस्त पडतात.

गुलाबी रंग दिसेपर्यंत

अँटिफ्रीझ स्वच्छ पाण्याच्या टाकीत ओतू नये. तिथे ते उगाच वाया जाते आणि वसंतात टाकी धुता धुता पुरेवाट होते. पंपाच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या नळीवर, बहुतेक ट्रेलरमध्ये एक तीन तोंडांचा व्हॉल्व्ह आणि एक मोकळी नळी दिलेली असते. व्हॉल्व्ह फिरवून ती नळी थेट डब्यात बुडवावी. अशी सोय नसेल तर पंपाची टाकीकडची नळी सोडून तिथे दीड-दोन हात लांबीची नळी जोडावी, किंवा व्हॉल्व्हचा तयार संच एकदाच बसवून घ्यावा. इथे दुसरे माणूस मदतीला असले तर फार बरे : एकाने डब्याशी बसावे, दुसऱ्याने नळांशी. डबा रिकामा होऊन पंपाने हवा ओढली की सगळे पुन्हा थुंकू लागते.

पंप चालू करून त्याच्या सर्वांत जवळच्या नळापासून सुरुवात करावी. थंड बाजू आधी, मग गरम, दोन्ही स्वतंत्रपणे. नळातून प्रथम हवा येते, मग स्वच्छ पाणी, मग सरबतात सिरपचा पहिला थेंब पडावा तसे फिकट गुलाबी. नवखे लोक इथेच नळ बंद करतात आणि चूक करतात. मी नळाखाली पांढरा कप धरतो. कपातला रंग डब्यातल्या रंगाइतका गडद दिसला की मगच तो नळ झाला असे धरतो. फिकट रंग म्हणजे आत अजून पाणी मिसळलेले आहे. पंप चालतच राहिला आणि गरम नळातून काहीच येईना, तर बायपासची मूठ उलटी आहे असे समजावे. बाहेर जाऊन पाहिले तर गीझरच्या उघड्या छिद्रातून गुलाबी धार गवतावर पडत असेल.

शॉवरचा हातातला फवारा खाली धरून चालवावा. टॉयलेट गुलाबी द्रव येईपर्यंत फ्लश करावे, आणि जेट स्प्रे असल्यास त्याची कळ दाबून तोही. त्यानंतर बाहेरचा शॉवर आणि यादीतले उरलेले फाटे. वॉशिंग मशीन किंवा बर्फाच्या यंत्रासाठी ज्या त्या कंपनीची पद्धत वेगळी असते. ती तिच्या पुस्तिकेतच पाहावी.

सर्वांत शेवटी सिटी वॉटरचा जोड. तिथे चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त आत येऊ देणारी झडप, असल्यामुळे पंपाकडून आलेला द्रव बाहेर येत नाही आणि त्याच्यामागे बोटभर पाणी अडकून राहते. पंप बंद करून एखादा नळ क्षणभर उघडावा म्हणजे दाब कमी होईल. पूर्ण दाबाखाली व्हॉल्व्ह दाबला तर त्याची रबरी रिंग निखळू शकते. जोडातली जाळी काढून मधली दांडी स्क्रूड्रायव्हरने हलकेच आत दाबावी, गुलाबी पिचकारी आली की सोडावी आणि जाळी परत बसवावी. तोंड समोर आणू नये, एवढे सांगणे पुरे.

सांडपाण्याची बाजू

प्रत्येक बेसिनखाली वळलेल्या ट्रॅपमध्ये पाणी कायम साठलेले असते, कारण टाकीतला वास वर येऊ नये म्हणून ते असावेच लागते. नळ चालवताना वाहून गेलेल्या अँटिफ्रीझने त्यातले बरेच पाणी बदलले जाते, तरीही प्रत्येक ट्रॅपमध्ये कपभर आणि शॉवरच्या ट्रॅपमध्ये दोन कप वेगळे ओतावे. टॉयलेटच्या भांड्यात थोडे ठेवावे म्हणजे त्याचा रबरी वायसर सुकत नाही. एक-दीड लिटर फ्लश करून ब्लॅक टँकमध्ये जाऊ द्यावे, त्याने तळाच्या झडपेचा वायसर ओला राहतो आणि तिथे उरलेले पाणी गोठून झडप अडकत नाही.

मग सगळे नळ अर्धवट उघडे ठेवावेत, पंपाचे बटण बंद करावे, आणि गीझरच्या बटणावर रुंद टेप लावून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. आमच्याकडे 'टाकी रिकामी आहे, बटण दाबू नये' असे लिहिलेले असते. गीझरचे बूच किंवा ॲनोड रॉड पिशवीत घालून त्याच बटणाखालच्या खणात ठेवावे, कारण वसंतात ते सापडणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते.

एप्रिलमध्ये

उलटा प्रवास सोपा आहे. पाईपांतून स्वच्छ पाणी फिरवून रंग आणि फेस जाईपर्यंत सगळे नळ चालवावेत. बुचाला टेफ्लॉन टेप गुंडाळून ते बसवावे, बायपास परत पूर्ववत करावा आणि गरम नळातून अखंड धार आली म्हणजे गीझर भरला असे समजूनच बटणावरची टेप काढावी. स्वच्छ पाण्याची टाकी निर्जंतुक करण्यासाठी दर १५ गॅलन क्षमतेला पाव कप साधे, वास नसलेले ब्लीच पाण्यात विरघळवून भरावे, ते प्रत्येक नळापर्यंत आणावे, काही तास ठेवावे आणि वास जाईपर्यंत धुवावे.

त्यानंतर सगळे नळ घट्ट बंद करून, पंप चालू ठेवून, शेजारी स्वस्थ बसावे. पंप दाब भरून थांबेल. पुढची पंधरा मिनिटे तो गप्प राहिला, तर कुठेही गळती नाही. एकदाही घुरघुरला, तर टॉर्च घेऊन आधी टॉयलेटमागे पाहावे.